निवांत गेम कसे खेळावेत: वही न काढता

पहिल्यांदा स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम खेळले तेव्हा दुसऱ्याच रात्री मी वही काढली. एका पानावर पिकांची नावं, बियाण्याचा भाव, विक्रीचा भाव, किती दिवसांत तयार. दुसऱ्या पानावर रोजचा जमाखर्च. पावणेदोन वाजले होते, डोळे चुरचुरत होते. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर "मावशी, डोकं जरा शांत होईल तुझं" म्हणत भाचीने लॅपटॉपवर टाकून दिलेल्या गेमसाठी! मी नाशिकला एका सीएच्या ऑफिसात हिशेब बघते, सवय जात नाही. सकाळी तिला वहीचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "तू खेळत नाहीयेस, ऑडिट करतेयस."

याला आता दोन वर्षं झाली. मधल्या काळात ऑफिसातल्या दोघीजणींना आणि शेजारच्या निवृत्त काकांना मी हे गेम लावून दिले. तिघांचे प्रश्न तेच, अडले तेही तिथेच. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. ज्यांनी फोनवरच्या कँडी क्रशपलीकडे काही खेळलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांच्याकडे स्टीमचं (गेमच्या ऑनलाइन दुकानाचं) खातं आधीच आहे त्यांनी सरळ चौथ्या मुद्द्यावर जावं.

१. आधी शब्दांचा घोळ मिटवा

अशा गेमना 'इंडी' आणि 'कोझी' म्हणतात. इंडी म्हणजे इंडियन नाही. काकांचा हाच समज होता आणि ते मनापासून खूश झाले होते. मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय, एकट्याने किंवा चार-दहा जणांनी मिळून केलेला गेम तो इंडी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) दोन्ही अर्थांनी इंडी आहे, पण त्यात राक्षसांशी लढायचं असतं, त्यामुळे तो आपल्या यादीत बसत नाही.

कोझी म्हणजे ज्यात हरण्याची भीती नाही (किंवा अगदी थोडी आहे), घाई नाही, आणि कामं साधी आहेत: झाडांना पाणी घालणं, खोकी उघडून सामान लावणं, डोंगर चढणं, स्वयंपाक करणं. शेती करायच्या निवांत गेमचा मूळपुरुष म्हणजे १९९६ मध्ये जपानमध्ये आलेला हार्वेस्ट मून. आजचे निम्मे कोझी गेम त्याचीच नातवंडं आहेत.

घरच्यांसाठी एक खुलासा तयार ठेवा. आपल्याकडे "मोबाइलवर गेम खेळते" म्हटलं की लोकांना रमी आठवते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी आणली, त्या प्रकाराशी याचा काही संबंध नाही. इथे पुस्तकासारखा गेम एकदा विकत घ्यायचा, मग तो आपला. जिंकायला पैसे नाहीत, हरायलाही नाहीत.

गोंडस दिसतो तो प्रत्येक गेम निवांत नसतो, हे मात्र नीट लक्षात ठेवा. ओव्हरकुक्डमध्ये गोल डोळ्यांचे बल्लवाचार्य असतात, पण घड्याळ डोक्यावर असतं. आमच्या ऑफिसातल्या एका नवरा-बायकोत त्यावरून खरंच अबोला झाला. कल्ट ऑफ द लँबमधलं कोकरू अतिशय गोड आहे, आणि ते एक पंथ चालवतं आणि लोकांचे बळी देतं. मिनी मेट्रो तर दिसायला शाळेच्या चित्रकलेच्या वहीसारखा: गोल, चौकोन, त्यांना जोडणाऱ्या रेघा. पण स्टेशनवर गर्दी फार वेळ तुंबली की खेळ खलास. त्यात मुंबईचाही नकाशा आहे. रोज ठाण्याला उभ्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तो आरामासाठी उघडू नये, किंवा निदान त्यातला एंडलेस मोड लावावा. त्यात गर्दीने खेळ संपत नाही.

२. काय काय लागतं

- विंडोज १० किंवा ११ चा लॅपटॉप. खास गेमिंगचा असायची गरज नाही. स्टारड्यूला २ जीबी रॅम आणि साधारण ५०० एमबी जागा पुरते. बाकीच्यांसाठी ८ जीबी रॅम असली की निभतं.
- साधा यूएसबी माउस. टचपॅडवर खेळायचा हट्ट धरू नका, मनगट दुखतं आणि दोष गेमला जातो.
- हेडफोन. यातल्या बऱ्याच गेमचं अर्धं सुख आवाजात आहे.
- रोज उघडता असा ईमेल आणि पासवर्ड लिहून ठेवायची जागा.
- यूपीआय किंवा डेबिट कार्ड.
- कंट्रोलर (दोन्ही हातांत धरायचं बटणांचं यंत्र): सध्या नको. महिनाभर खेळून आवडलं तर बघा.

इथला खड्डा म्हणजे माळ्यावरचा जुना लॅपटॉप. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ आणि ८ चा आधार काढून घेतला. काकांनी मुलाचा कॉलेजचा लॅपटॉप पुसून-बिसून आणला, त्यात विंडोज ७ निघालं, आणि आमची पहिली संध्याकाळ त्यातच गेली. आधी ते तपासा.

३. खातं उघडा आणि दुकान ओळखून घ्या

स्टीम हे दुकान आणि तेच कपाटही. तिथे घेतलेला गेम खात्यात राहतो. लॅपटॉप बदलला तरी नव्यावर लॉगिन करून पुन्हा उतरवून घेता येतो. क्रम असा:

स्टीमच्या मूळ साइटवरूनच प्रोग्रॅम उतरवा. खातं उघडताना देश भारत ठेवा, म्हणजे भाव रुपयांत दिसतील आणि यूपीआयने पैसे भरता येतील. लगेच फोनवर स्टीमचं ॲप घेऊन स्टीम गार्ड चालू करा. हे बँकेच्या ओटीपीसारखं काम करतं. मग आवडलेले गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवा. उन्हाळी आणि डिसेंबरअखेरच्या सेलमध्ये भाव उतरले की ईमेल येतो. घाईने काहीच घ्यायचं नाही. स्टारड्यू एरवीही साधारण पाचशे रुपयांच्या घरात असतो, सेलला आणखी खाली येतो.

आता परताव्याचा नियम, जो माहीत नसल्याने लोक उगाच घाबरतात. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांहून कमी असेल, तर कारण न विचारता पैसे परत मिळतात. नुसता मेनू उघडा ठेवून जेवायला गेलात तरी तो वेळ मोजला जातो, एवढं ध्यानात असू द्या. पुढे मी दीड तासात संपणारे गेम सुचवणार आहे. ते संपवून पैसे परत मागणं नियमात बसतं. पोटभर मिसळ खाऊन "आवडली नाही" म्हणण्यासारखं आहे ते, करू नका.

तीन खड्डे सांगते. पहिल्यात मी स्वतः पडले आहे. एका साइटवर एक गेम निम्म्या भावात दिसला. पैसे भरले, एक लांबलचक कोड आला, स्टीमने तो आधीच वापरलेला म्हणून नाकारला. साइटचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. तीनशे रुपयांत धडा मिळाला म्हणून स्वतःची समजूत घातली. टेलिग्रामवर फुकट मिळणाऱ्या फायलींबद्दल तर बोलायलाच नको. त्यात गेमबरोबर काय काय घरात येतं कोण जाणे, आणि दोन-चार माणसांच्या पोटावर पाय येतो तो वेगळाच.

दुसरा खड्डा: अनोळखी माणसाचा मेसेज येतो, "चुकून तुमच्या खात्याची तक्रार केली, या लिंकवर जाऊन दुरुस्त करा." बँकेच्या केवायसीच्या फोनसारखंच आहे हे. लिंक उघडायची नाही.

तिसरा खड्डा पैशांचा नाही, गैरसमजाचा. नव्या खात्यावर एकूण पाच डॉलरची तरी खरेदी होईपर्यंत ते मर्यादित राहतं, आणि तोवर तुम्हाला कोणाला मैत्रीची विनंती पाठवता येत नाही. भाची "मला ॲड कर" म्हणत होती आणि मी तासभर बटण शोधत होते. परदेशातल्या भावंडांना इथून गेम भेट पाठवायचा बेत असेल, तर तोही नेहमी जमत नाही. दोन देशांतल्या भावात फार फरक असला की स्टीम अडवतं.

एक पैसाही खर्च न करता चव घ्यायची असेल तर टाउनस्केपर ब्राउझरमध्ये फुकट आहे. स्वीडनच्या ऑस्कर स्टोलबर्ग यांनी केलेला. समुद्रावर क्लिक केलं की घर उगवतं, वर क्लिक केलं की मजला चढतो, उजव्या क्लिकने काढून टाकता येतं. घरांनी चारी बाजूंनी जागा वेढली की मध्ये आपोआप अंगण होतं. ध्येय नाही, गुण नाहीत, शेवट नाही. "मग यात करायचं काय?" हा प्रश्न तुम्हाला पडणार. मलाही पडला होता. दहा मिनिटं तसंच बसून घरं बांधा.

४. पहिला गेम छोटा घ्या

सगळे सांगतात की स्टारड्यूपासून सुरुवात करा. मी सांगते, नको. तो पन्नास-शंभर तासांचा गेम आहे. माउस आणि कीबोर्ड एकदम वापरायची सवय नसताना त्यात शिरलात की पहिल्या आठवड्यात वैताग येतो. आधी एका रविवारी संपेल असं काहीतरी घ्या. माझ्या पसंतीचे तीन:

अनपॅकिंग. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या विच बीम या छोट्या स्टुडिओचा, २०२१ चा. फक्त माउस लागतो, म्हणून पहिला क्रमांक याचा. एका मुलीची १९९७ ते २०१८ मधली आठ घरं, आणि प्रत्येक वेळी खोक्यांतून सामान काढून लावायचं. ती मुलगी कधी दिसत नाही, बोलत नाही, पण कुठल्या घरात कोणती वस्तू तिच्याबरोबर आली आणि कोणती आली नाही यावरून सगळं कळतं. एका घरात पदवीच्या फ्रेमला जागाच सापडत नाही. शेवटी ती जिथे ठेवावी लागते ते कळलं तेव्हा मी हेडफोन काढून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. बदलीच्या नोकरीमुळे ज्यांनी आयुष्यभर घरं बदलली, त्यांना हा गेम कोणी समजावून सांगायला नको. खोली भरली की चुकीच्या जागच्या वस्तूंभोवती लाल रेघ येते. तिचा त्रास व्हायला लागला तर सेटिंगमध्ये 'कुठेही ठेवू द्या' असा पर्याय आहे. बिनदिक्कत वापरा. परातीची जागा कुठली हे मला ब्रिस्बेनच्या माणसाने सांगावं असं काही नाही.

अ शॉर्ट हाइक. कॅनडाच्या ॲडम रॉबिन्सन-यू यांचा, २०१९ चा. क्लेअर नावाचा एक पक्षी मावशीकडे डोंगरात सुट्टीला आलाय. महत्त्वाच्या फोनची वाट बघतोय, पण रेंज फक्त शिखरावर आहे. सोनेरी पिसं गोळा केली की उंच चढता येतं. सरळ वर गेलात तर लवकर संपेल. गंमत आहे ती वाट चुकण्यात: मासे पकडा, किनाऱ्यावर चेंडू खेळा, कोणाचं हरवलेलं काही शोधून द्या. शिखरावरून उडी मारून खाली तरंगत येणं तर विचारूच नका. इथे कीबोर्ड वापरायचा सराव होतो, आणि पडलात तरी काही बिघडत नाही. चित्र फारच दाणेदार वाटलं तर सेटिंगमधून बारीक करता येतं.

वेंबा. टोरोंटोच्या विसाई गेम्सचा, २०२३ चा. १९८०च्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईच्या हातची फाटकी, डाग पडलेली पाककृतींची वही, आणि त्यातल्या पुसल्या गेलेल्या ओळी अंदाजाने भरून काढत केलेला स्वयंपाक. सुरुवात इडलीपासून होते. इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक कशा रचायच्या हे पहिलं कोडं, ते आपल्याकडच्या कोणालाही घटकेत सुटतं. चुकलं तर पुन्हा करा, कोणी ओरडत नाही. पुढे मुलगा मोठा होतो, डबा न्यायला लाजतो, तमिळ बोलायचं टाळतो. न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला ज्यांची नातवंडं आहेत त्यांना हे पचायला जड जाईल. २०२४ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचा पदार्पणाचा पुरस्कार याला मिळाला.

यांपैकी कुठलाही गेम मराठीत नाही. इंग्रजी वाचावं लागतं, पण वेग तुमचा असतो. वाक्य पडद्यावर थांबून राहतं, तुम्ही क्लिक केल्यावरच पुढे सरकतं. काका शब्दकोश शेजारी घेऊन बसतात.

५. सेटिंगला दहा मिनिटं द्या

नवीन माणूस हे टाळतो आणि मग डोळे दुखले म्हणून सोडून देतो. अक्षरांचा आकार किंवा झूम वाढवा. पडद्याचा उजेड खोलीइतकाच ठेवा. त्रिमितीत फिरायच्या गेममध्ये गरगरलं तर कॅमेऱ्याचा वेग कमी करा. स्टीमचा क्लाउड सेव्ह (खेळाची प्रत इंटरनेटवर जपून ठेवायची सोय) चालू आहे ना ते बघा, आणि गेम बंद केल्यावर झाकण आदळण्याआधी ती प्रत चढवून होऊ द्या.

६. स्टारड्यू व्हॅली: पहिला आठवडा

आता मोठा गेम. एरिक बरोन या एकट्या माणसाने साधारण साडेचार वर्षं खपून केला. चित्रं, संगीत, संवाद, सगळं त्याचंच. फेब्रुवारी २०१६ मध्ये आला आणि त्यानंतरही तो त्यात नवनवी भर फुकट घालतोय. आजोबांनी ठेवलेलं पडीक शेत तुम्हाला मिळतं, तुम्ही शहरातली नोकरी सोडून तिथे जाता. इतकीच गोष्ट.

शेताचे प्रकार विचारले की पहिलं, साधं शेत निवडा. समुद्रकिनाऱ्याचं शेत चित्रात सुंदर दिसतं, पण तिथल्या बहुतेक वाळूत तुषार सिंचन चालत नाही. दोन महिन्यांनी रडाल.

पहिल्या सकाळी पार्स्निपच्या (गाजरासारखं एक कंदमूळ) १५ बिया आणि खिशात ५०० सोन्याची नाणी असतात. घरासमोरचा लहानसा तुकडा साफ करा, पेरा, पाणी घाला, बस. अख्खं शेत एका दिवसात मोकळं करायला जाऊ नका. ताकदीची पट्टी उजव्या कोपऱ्यात असते, ती संपली की माणूस झोकांड्या खातो. उरलेला दिवस गावात हिंडा, लोकांशी बोला.

रोज उठल्यावर आधी टीव्ही लावा आणि उद्याचं हवामान बघा. पाऊस असेल तर पाणी घालायचं काम नाही, म्हणजे अख्खा दिवस मोकळा. पहिल्या वर्षी वसंतातल्या ३ तारखेला पाऊस ठरलेला असतो. त्या दिवशी समुद्राकडे जा. दुसऱ्या दिवसापासून विली नावाचा कोळी तुम्हाला गळ द्यायला तिथे थांबलेला असतो. मासेमारी मात्र अवघड आहे, आधीच सांगते. हिरवी पट्टी माशाच्या मागे वरखाली नाचवायची असते आणि पहिले दहा मासे निसटतातच. विलीकडे २५ नाण्यांचा शिकाऊ गळ मिळतो, त्याची पट्टी मोठी असते. तरी जमलं नाही तर सोडून द्या. भाचीची मैत्रीण तीन वर्षं एकही मासा न धरता सुखाने खेळते आहे.

प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. ऋतू पालटला की बहुतेक पिकं एका रात्रीत वाळून जातात. फ्लॉवरला १२ दिवस लागतात, म्हणजे १६ तारखेनंतर लावलेला फ्लॉवर हाती येत नाही. एवढं एकच गणित करा. १३ तारखेच्या अंडी उत्सवात स्ट्रॉबेरीचं बी घेऊन त्याच रात्री पेरलं की दोन तोडे मिळतात, वगैरे मला तोंडपाठ आहे, पण ते मुद्दाम इथे पुढे वाढवत नाही. कारण वही तिथूनच सुरू होते.

बियाण्याचं दुकान पिअरचं. बुधवारी बंद. दर बुधवारी कोणीतरी त्या बंद दारापुढे उभं राहतंच.

प्रत्येक पिकाचा एखादा नग न विकता पेटाऱ्यात ठेवत जा. काही दिवसांनी गावातल्या पडक्या समाजमंदिराचं काम तुमच्याकडे येतं आणि तिथे नेमक्या त्याच गोष्टी मागतात. बाकी माल घराशेजारच्या लाकडी पेटीत टाकायचा, रात्रीत उचलला जातो, सकाळी पैसे जमा. निफाडला मामाची कांद्याची शेती आहे. त्याला हे दाखवलं. तो बराच वेळ बघत होता. लिलाव नाही, आवक वाढली म्हणून भाव पडत नाही, लासलगावला ट्रॅक्टरच्या रांगेत रात्र काढायची नाही. शेवटी म्हणाला, "ही पेटी कुठं मिळती गं?"

आता दोन गोष्टी, ज्यांपायी लोक गेम सोडतात.

पहिली, वेळ. गेममधली दहा मिनिटं म्हणजे आपले सात सेकंद, आणि सकाळी ६ ते रात्री २ हा अख्खा दिवस साधारण १४ मिनिटांत उरकतो. दोनच्या ठोक्याला बाहेर असलात तर जागच्या जागी कोसळता, थोडे पैसे जातात आणि दुसऱ्या दिवशी ताकद कमी मिळते. पहिल्यांदा झालं तेव्हा मी दचकले होते. प्रत्यक्षात नुकसान किरकोळ असतं. फोन वाजला, कुकरची शिट्टी झाली, तर 'ई' दाबून मेनू उघडा. एकट्याने खेळताना त्यात घड्याळ थांबतं.

दुसरी, सेव्ह. गेम फक्त झोपल्यावर सेव्ह होतो. दुपारी बंद केलात तर ती सकाळ गेली. डेस्कटॉपवर खेळत असाल आणि लाइट गेली, तर पेरणी पुन्हा. पावसाळ्यात मी लॅपटॉपची बॅटरी भरूनच बसते.

पाचव्या दिवशी खाण उघडते. तिथे तलवार मिळते आणि उड्या मारणारे चिकट गोळे अंगावर येतात. कोझीमध्ये मारामारी कशी, असं काकांनी विचारलं. आहे खरी, पण घाई कसलीच नाही. पहिला ऋतू खाणीशिवाय काढला तरी चालतं. पाच-पाच मजल्यांवर लिफ्ट आहे, तेव्हा जेवढं झेपेल तेवढं उतरा.

आणि ती आजोबांची भानगड. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आजोबा येऊन तुमच्या कामाचं मूल्यमापन करतात, असं कुठेतरी कानावर पडतं आणि माझ्यासारखे लोक ताळेबंद मांडायला बसतात. गेम तिथे संपत नाही. हवं तेव्हा पुन्हा मूल्यमापन मागता येतं. मी हे कळण्याआधी दोन ऋतू अक्षरशः मार्च एंडिंगसारखे काढले: सहाला उठ, पाणी घाल, कोंबड्या, गाई, पेटी, झोप. गावात लायनस नावाचा एक म्हातारा तंबूत राहतो, त्याच्याशी पहिलं वर्षभर मी धड बोललेही नव्हते. भाचीने वही जप्त केली आणि अट घातली, दिवसाला एकच काम ठरवायचं. आज मासे, तर फक्त मासे. पिकं राहिली तर राहिली. एक दिवस पाणी न घातल्याने पीक मरत नाही, वाढ तेवढी थांबते. हे वाचून माहीत होतं, पण हात ऐकत नव्हता. आठवडाभर तसं खेळल्यावर जमलं.

इंटरनेटवर "पहिल्या वर्षात लखपती" छापाचे व्हिडिओ ढीगभर आहेत. पहिलं वर्ष संपेपर्यंत ते बघू नका.

७. फोनवर खेळायचं असेल तर

स्टारड्यू अँड्रॉइड आणि आयफोनवरही आहे. एकदा विकत घ्यायचा, जाहिराती नाहीत. पण स्टीमवर घेतला म्हणून फोनवर फुकट मिळत नाही, आणि लॅपटॉपवरचं शेत फोनवर आपसूक येत नाही. बोटांनी मासेमारी आणखी कठीण जाते.

ॲप स्टोअरमध्ये शेतीचे फुकट गेमही खंडीभर दिसतील. गाजर तयार व्हायला चार तास, नाहीतर रत्नं विकत घ्या, असं ज्यात असेल त्यातून बाहेर या. तिथे तुमच्या अधीरपणाचीच विक्री चाललेली असते. मुलांच्या हातात फोन जात असेल तर खरेदीला पासवर्ड लावा.

नुसतं बसमध्ये पंधरा मिनिटं डोकं मोकळं करायला अल्टोज ओडिसी घ्या, आणि त्यात झेन मोड लावा. गुण नाहीत, नाणी नाहीत, वाळूच्या टेकड्यांवरून घसरत राहायचं. पडलात की लगेच उठून पुढे.

८. महिन्याभरानंतर

कोडी आवडत असतील तर बर्लिनच्या चार विद्यार्थ्यांनी केलेला डॉर्फरोमांटिक घ्या. षट्कोनी तुकडे जोडत शेतं, नद्या, गावं पसरवायची. गुणांचा नाद लागायची धास्ती असेल तर क्रिएटिव्ह मोड. मला ती असल्याने मी तोच खेळते. गप्पा ऐकायला आवडत असतील तर इंडोनेशियाच्या टोगे प्रॉडक्शन्सचा कॉफी टॉक: रात्री उघडणारं कॉफीचं दुकान, बाहेर पाऊस, गिऱ्हाइकं आपली दुखणी सांगतात, तुम्ही आल्या-दुधाचं प्रमाण जुळवता. चहासुद्धा करता येतो.

आणि स्पिरिटफेअरर. कॅनडाच्या थंडर लोटस स्टुडिओचा, २०२० चा. दिसायला सगळ्यांत देखणा, पण विषय मृत्यूचा. गेलेल्या जिवांना नावेत घेऊन फिरायचं, त्यांच्या आवडीचं रांधायचं, मिठी मारायची, आणि वेळ झाली की पोचवून यायचं. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर सध्या थांबा. एरवी जरूर घ्या. त्यात दुसऱ्या माणसाला त्याच लॅपटॉपवर कंट्रोलर जोडून सोबत खेळता येतं. कंट्रोलर मी घेतला तो यासाठीच. भाची पुण्याहून आली की मी नाव हाकते आणि ती डॅफोडिल नावाचं मांजर होऊन सुताच्या गुंडीएवढ्या उजेडाच्या गोळ्यामागे पळत सुटते. वही कपाटात आहे, चावी तिच्याकडे.